शिक्का, खासगी आणि दत्तक : मराठा राजघराण्यांतील स्त्रिया



सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८७५ पर्यंत मराठ्यांच्या राजघराण्यांवर वारसाचा पेच अनेकदा आला. तो सोडवताना घरातली एखादी स्त्री पुढे आली नाही, असे फार थोड्या वेळा घडले. राज्य कमावले पुरुषांनी. पण एका पिढीच्या हातून ते दुसऱ्या पिढीच्या हाती जाताना मधे जी पोकळी पडते, ती भरण्याचे काम बहुधा घरातल्या स्त्रियांवर आले. धनी वारला आहे, मूल लहान आहे, शत्रू दाराशी आहे, कारभारी आपापले बघत आहेत. अशा वेळी शिक्का कोणाच्या हाती राहतो? खजिन्याची किल्ली कोणाकडे? गादीवर कोण बसणार, हे कोण ठरवते?

या प्रश्नांची उत्तरे शोधायला वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याची घाई नको. चिखलीहून देऊळगाव राजामार्गे पुढे गेले की सिंदखेड राजा येते. लखुजी जाधवरावांचा राजवाडा तिथे आहे. मोती तलाव आहे, पुतळा बारव आहे आणि लखुजींची भव्य समाधी आहे. दरवर्षी १२ जानेवारीला तिथे जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी माणसांचा पूर लोटतो. जिजाऊंचा जन्म १५९८ चा. त्यांची राजमाता म्हणून असलेली ओळख सर्वांना ठाऊक आहे. राजमाता हे नाते झाले. त्या नात्याच्या आत अधिकाराचे जे काम होते, ते नीट पाहायचे, तर मराठा राजस्त्रियांच्या सत्तेचे चार आधार क्रमाने समजून घ्यावे लागतात. पहिला आधार माहेर, दुसरा शिक्का, तिसरा खासगी आणि चौथा दत्तक.

पहिला आधार माहेर.

राजघराण्यातले लग्न म्हणजे दोन फौजांची सोयरीक. जाधवराव हे देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगणारे, निजामशाहीतले मातब्बर सरदार. त्यांच्या मानाने भोसले नव्याने वर येत होते. लखुजींची लेक जिजाऊ शहाजीराजांची राणी होऊन भोसल्यांच्या घरात आली आणि भोसल्यांच्या कुळीला वजन आले. फ्रान्समध्ये असे लग्न झाले, तर अनेकदा मुलुखच एका घराकडून दुसऱ्याकडे जात असे. अॅक्विटेनची एलिनॉर ११३७ मध्ये फ्रान्सच्या सातव्या लुईला दिली गेली. ११५२ मध्ये ते लग्न मोडले, तिने इंग्लंडच्या भावी राजाशी लग्न केले आणि तिचा अफाट मुलूखही तिच्याबरोबर गेला. ब्रिटनीच्या अॅनचे लग्न एकामागून एक फ्रान्सच्या दोन राजांशी लागले, कारण ब्रिटनी हातची जाऊ द्यायची नव्हती. मराठी मुलुखात लेक वतन घेऊन सासरी जात नसे. सिंदखेडची देशमुखी भोसल्यांकडे आली नाही. लेकीबरोबर आली ती कुळाची प्रतिष्ठा, भाऊबंदांची फौज आणि त्या भाऊबंदांची वैरेही.

ही वैरे किती जिवावर येत? १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले आणि लखुजी मोगलांच्या बाजूने. सासरा आणि जावई समोरासमोर उभे राहिले. पुढे लखुजी निजामशाहीत परतले आणि २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, मुलांसह व नातवासह दगा होऊन मारले गेले. शिवाजीराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. तारखा जोडून पाहिल्या तर कळते, की बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले तेव्हा जिजाऊ गर्भार होत्या. माहेरचा आधार इतका मोठा होता आणि इतका बेभरवशाचाही.

शिवाजी महाराजांच्या सोयरिकी याच हिशेबाने झाल्या. निंबाळकर, मोहिते, शिर्के, जाधव, गायकवाड अशी मातब्बर देशमुखांची आणि सरदारांची घराणी त्यांनी नात्यात आणली. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांच्या. शिर्क्यांशी तर साटेलोटे झाले. शिर्क्यांच्या येसूबाई संभाजीराजांना आल्या आणि महाराजांची लेक राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजींना दिली.

पण वेळ आली तेव्हा माहेर उभे राहिले का? ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. सोयराबाईंनी त्याच महिन्यात आपल्या दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले. सगळा डाव एका माणसावर अवलंबून होता : सरनौबत हंबीरराव मोहिते, सोयराबाईंचे सख्खे भाऊ. हंबीररावांनी बहिणीची बाजू सोडून संभाजीराजांची धरली आणि डाव तिथेच मोडला. १६८१ मध्ये सोयराबाईंचा अंत झाला. येसूबाईंचे भाऊ गणोजी शिर्के पुढे मोगलांना मिळाले. तेव्हा माहेर हा सत्तेचा पहिला आधार खरा, पण भावाचे मन फिरले की तो गेला. ज्या स्त्रियांनी केवळ माहेरावर भिस्त ठेवली त्या हरल्या.

दुसरा आधार शिक्का.

पुरंदरचा तह जून १६६५ चा. तेवीस किल्ले मोगलांना गेले, बारा उरले. मार्च १६६६ मध्ये महाराज राजगडाहून आग्र्याकडे निघाले. १२ मे रोजी औरंगजेबाची भेट झाली, मग नजरकैद, आणि १७ ऑगस्टला सुटका. या सगळ्या काळात स्वराज्य कोणाच्या नावाने चालले? मोरोपंत पिंगळे, निळो सोनदेव यांच्यासारखे अनुभवी कारभारी होते, पण त्या सर्वांच्या वर जिजाऊ होत्या. वय अडुसष्ट. मुलगा आणि नातू दोघेही शत्रूच्या राजधानीत अडकलेले. एकही किल्लेदार फितला नाही. उलट याच काळात रांगणा किल्ला आदिलशाहीकडून घेतला गेला. राजा कैदेत असताना राज्य वाढावे, हे जगाच्या इतिहासात रोज घडत नाही.

असाच एक प्रसंग फ्रान्सचा आहे. फेब्रुवारी १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस पकडला गेला आणि स्पेनमध्ये वर्षभर कैदेत राहिला. मागे राज्य चालवले ते त्याच्या आईने, सव्हॉयच्या लुईझने. तिने फौजेचे पगार भागवले, मित्र जोडले, मुलाला सोडवून आणले. पुढे १५२९ मध्ये कांब्रे येथे झालेला तहही तिनेच केला, आणि समोरच्या बाजूने बोलणी करायला बसली होती ऑस्ट्रियाची मार्गारेट, म्हणजे लुईझच्या दिवंगत भावाची बायको. दोन राजांचे भांडण नणंद-भावजयीने मिटवले! युरोपात त्या तहाला आजही बायकांचा तह म्हणतात.

जिजाऊंचा अधिकार लोकमान्य होता. येसूबाईंचा अधिकार कागदावरही उमटला होता. संभाजीराजे मोहिमेवर असत तेव्हा कारभार पाहण्यासाठी त्यांनी येसूबाईंना कुलमुखत्यार केले आणि 'श्री सखी राज्ञी जयति' असा स्वतंत्र शिक्का दिला. शिक्का म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. ज्या कागदावर तो उमटतो त्या कागदावर पागा हलते, धान्य मिळते, इनाम चालते, माणूस सुटतो किंवा अडकतो.

या शिक्क्याची खरी कसोटी १६८९ मध्ये लागली. फेब्रुवारीत संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. शाहू तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. रिवाजाने गादी त्यांची. आईने मुलाचा हट्ट धरला असता, तर कोणी नाव ठेवले नसते. येसूबाईंनी काय केले? दीर राजारामांना पुढे केले, त्यांना गडाबाहेर काढून राज्य जिंजीपर्यंत हलते ठेवण्याचा मार्ग मोकळा केला, आणि स्वतः शाहूंसह गडावर राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला. त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले, येसूबाई सुटल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हा. तीस वर्षे कैद! मुलाचा हक्क मागे ठेवून राज्य वाचवण्याचा हा निर्णय मराठ्यांच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या राजकीय निर्णयांपैकी एक आहे. तो रणांगणात झाला नाही, म्हणून त्याचे पोवाडे कमी.

इथे जरा थांबून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. धनी गेल्यावर स्त्री मागे राहिली तरच हा सारा इतिहास घडतो. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले तेव्हा जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांना परावृत्त केले, असे बखरकार सभासद सांगतो. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा सासरे मल्हाररावांनी अहिल्याबाईंना अडवले. याउलट १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि सकवारबाई सती गेल्या. त्या पेशव्यांच्या विरोधातल्या होत्या, आणि त्यांना पेशव्यांच्या पक्षाने त्या वाटेला लावले, असा आरोप इतिहासकारांनी केलेला आहे. विधवा राणी जिवंत राहणे ही राजकीय घटना असते, हे दोन्ही बाजूंना पक्के माहीत होते.

जिवंत राहिलेल्या विधवा राणीचे सर्वांत मोठे उदाहरण ताराबाईंचे. हंबीरराव मोहित्यांची ही लेक. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाईंचे वय पंचवीसच्या आत-बाहेर आणि मुलगा शिवाजी चार वर्षांचा. समोर औरंगजेब स्वतः. त्याने सातारा घेतला, विशाळगड घेतला, सिंहगड, राजगड, तोरणा घेतले. एकेका किल्ल्यासाठी महिने घालवले, कित्येकदा किल्लेदाराला पैसे मोजून किल्ला मिळवला. ताराबाईंच्या कारभाराचे इंगित इथेच आहे. रामचंद्रपंत अमात्य, परशुराम त्रिंबक प्रतिनिधी, शंकराजी नारायण यांना घेऊन त्यांनी किल्ले लढवत ठेवले, गेलेले परत घेतले आणि त्याच वेळी फौजा नर्मदेपार माळव्यात, गुजरातेत पाठवल्या. बादशहा सह्याद्रीत अडकला आणि मराठे त्याच्या मुलुखात शिरले. त्या फौजांचा एक मोठा सेनापती धनाजी जाधव हा सिंदखेडच्या जाधवांच्याच कुळातला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. शत्रूच्या पक्षातला इतिहासकार खाफीखान, त्यालाही ताराबाईंच्या हुशारीची आणि कारभाराची वाखाणणी करावी लागली.

मग या राणीचा पराभव कोणी केला? औरंगजेबाने नाही. शाहू सुटून आले, खेडच्या लढाईत धनाजी जाधव त्यांना मिळाले आणि साताऱ्याची गादी गेली. पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यावर त्यांच्याच सवतीने, राजसबाईंनी, आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाईंना मुलासह कैदेत टाकले. मुलाच्या नावाने मिळालेली सत्ता मुलाबरोबर जाते. फ्रान्समध्येही तेच. तिथल्या रिवाजाने स्त्रीला गादीवर बसता येत नसे, पण अज्ञान राजाची आई म्हणून राज्य चालवता येई. तेराव्या शतकात कास्तीलच्या ब्लांशने नवव्या लुईसाठी ते चालवले. १६४३ मध्ये ऑस्ट्रियाच्या अॅनने पाच वर्षेही पूर्ण न झालेल्या चौदाव्या लुईसाठी ते हाती घेतले आणि सरदारांची बंडे निभावून नेली. मुलगा मोठा झाला की आईने बाजूला व्हायचे, हा नियम दोन्हीकडे सारखा.

ताराबाई मात्र बाजूला झाल्या नाहीत. शाहू महाराजांच्या अखेरीस त्यांनी आपला लपवून ठेवलेला नातू म्हणून रामराजांना पुढे आणले. ते पेशव्यांच्या सल्ल्याने वागू लागताच १७५० मध्ये त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवले, आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले की हा आपला नातू नव्हेच. या एका शपथेने छत्रपतींच्या गादीची रया गेली आणि पुण्याचे पेशवे निर्वेध झाले. ताराबाईंच्या मोठेपणाबरोबर ही बाजूही सांगितली पाहिजे. त्या डिसेंबर १७६१ मध्ये वारल्या, पानिपत पाहून.

तिसरा आधार खासगी.

शिक्का दुसऱ्याच्या नावाने चालतो. पैसा स्वतःचा असेल तर गोष्ट वेगळी होते. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी स्वतंत्र जहागीर करून दिली. हीच होळकरांची खासगी. फौजेचा खर्च दौलतीतून भागवायचा, खासगीचे उत्पन्न राणीचे. पेशव्यांना हिशेब द्यायचा तो दौलतीचा, खासगीचा नाही. ही खासगी गौतमाबाईंनंतर अहिल्याबाईंकडे आली.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये अहिल्याबाईंचा एकुलता एक मुलगा मालेराव गेला. ताराबाईंच्या हिशेबाने पाहिले, तर इथे सगळे संपायला हवे होते. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला, राघोबादादा फौज घेऊन आले. अहिल्याबाई ठाम राहिल्या. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. तुकोजी होळकरांकडे फौज आणि अहिल्याबाईंकडे कारभार व खासगी, अशी वाटणी झाली आणि १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, ती टिकली. मुलगा नाही, नवरा नाही, दत्तकही नाही, तरी सत्ता आहे. हे कशाच्या बळावर? चोख कारभाराच्या, आणि हाती असलेल्या स्वतःच्या उत्पन्नाच्या. काशी, गया, सोमनाथ इथली मंदिरे आणि नद्यांवरचे घाट हे त्या खासगीतून उभे राहिले. महेश्वरची विणकरी त्यांच्याच आश्रयाने वाढली.

सरदार घराण्यांतही असे बळ दिसते. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या पत्नी उमाबाई यांनी १७१० मध्ये सप्तशृंगगडाच्या सुमारे ४७० पायऱ्या बांधवल्या. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव बाजीरावांविरुद्ध लढताना पडला. त्यानंतर सेनापतिपदाचा कारभार उमाबाईंनीच पाहिला आणि १७३२ मध्ये अहमदाबादेवर स्वारी केली.

चौथा आधार दत्तक. इथे गोष्ट पुन्हा वऱ्हाडात येते.

अठराव्या शतकात वऱ्हाडचा वसूल निजाम आणि नागपूरकर भोसले वाटून घेत. १८०३ मध्ये अडगावची लढाई हरल्यावर भोसल्यांचे वऱ्हाड गेले. या नागपूरकर भोसल्यांचे राजे दुसरे रघुजी १८१६ मध्ये वारले. मुलगा परसोजी राज्य करण्याजोगा नव्हता. रघुजींच्या राणी बांकाबाईंनी कारभार हाती धरण्याचा प्रयत्न केला, पण परसोजींचे चुलतभाऊ अप्पासाहेब यांनी तो हिसकावला. १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला, वर्षअखेरीस सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढे अप्पासाहेब पदच्युत झाले. तेव्हा १८१८ मध्ये परसोजींच्या विधवा दुर्गाबाई यांच्या मांडीवर रघुजींच्या लेकीचा मुलगा दत्तक दिला गेला. तेच तिसरे रघुजी. कारभार इंग्रज रेसिडेंटाकडे आणि बाळराजाचा सांभाळ आजी बांकाबाईंकडे.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. राणी अन्नपूर्णाबाईंनी दत्तक घेतला. हिंदू रिवाजाने विधवेचा तो हक्कच होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, राजवाड्यातले दागदागिने, हत्ती, घोडे लिलावात निघाले. बांकाबाईंनी विरोध नोंदवला, तो कोणी ऐकला नाही. त्याच वर्षी झाशीतही हेच झाले. गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला होता, तरी झाशी गेली. दोन्ही घरांवर घाव एकच, उत्तरे दोन. १८५७ मध्ये लक्ष्मीबाई लढल्या आणि १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला पडल्या. वृद्ध बांकाबाईंनी नागपूर शांत ठेवले आणि त्याही १८५८ मध्येच वारल्या. एकीला देश डोक्यावर घेतो, दुसरीचे नाव नागपुराबाहेर फारसे कोणी घेत नाही. लढाईच्या तराजूत दोघींना तोलणे सोपे. पण बांकाबाईंपुढे उरलेल्या घराण्याचा, दत्तक मुलाचा आणि शेकडो आश्रितांच्या पोटाचा प्रश्न होता, हे विसरून तो तोल नीट होत नाही.

१८५७ नंतर इंग्रजांनी धोरण बदलले, दत्तकाचा हक्क मान्य केला. त्याचे फळ बडोद्यात दिसले. १८७० मध्ये खंडेराव गायकवाड वारले तेव्हा राणी जमनाबाई गर्भवती होत्या. १८७१ मध्ये मूल झाले, ती मुलगी. म्हणून गादी दीर मल्हाररावांकडे राहिली. मुलगा झाला असता, तर तोच राजा. चार वर्षांनी मल्हारराव पदच्युत झाले आणि दत्तक घेण्याचा अधिकार जमनाबाईंना मिळाला. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी त्यांनी दत्तक घेतला. तेच सयाजीराव तिसरे. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणापासून ग्रंथालयांपर्यंत बडोद्याने पुढे जे केले, त्याच्या मुळाशी एका विधवेने केलेली ही निवड आहे.

आता गोळाबेरीज.

माहेराने प्रतिष्ठा दिली, पण भावाच्या मर्जीवर. शिक्क्याने अधिकार दिला, पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर. दत्तकाने वारस निवडण्याचे बळ दिले, पण ते मानायचे की नाही हे पुण्याच्या, पुढे कलकत्त्याच्या मर्जीवर. एक खासगीच अशी होती, की तिचा हिशेब कोणाला द्यायचा नव्हता, आणि ती जिच्या हाती आली तिचीच सत्ता सर्वांत शांत आणि सर्वांत दीर्घ ठरली. या स्त्रियांपैकी एकीलाही स्वतःच्या नावाने छत्रपतींच्या गादीवर बसता आले नाही, जसे फ्रान्सच्या गादीवर कोणतीही राणी बसू शकली नाही. तरीही १६६६ चे स्वराज्य, १६८९ ची गादी आणि १७०० नंतरची झुंज ज्या निर्णयांवर टिकली, ते निर्णय जिजाऊंचे, येसूबाईंचे आणि ताराबाईंचे होते. मराठ्यांच्या राज्याचा इतिहास लिहिताना त्यांची जागा राजांच्या कौटुंबिक परिशिष्टात नाही, राज्यकर्त्यांच्या यादीत आहे.